काळ्या गाडीवरची ओरखड्यांची जाळी मशीनने कशी काढायची : गावात राहून पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

काळी, गडद निळी किंवा मरून गाडी सावलीत उभी असली की झकास दिसते. तीच उन्हात काढली की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेघांचं जाळं उमटतं. रात्री पेट्रोल पंपाच्या एलईडी दिव्याखाली तर ते आणखी उठून दिसतं. हेच स्वर्ल मार्क, म्हणजे बारीक ओरखड्यांची जाळी. ते घालवायला नागपूरच्या महागड्या डिटेलिंग स्टुडिओतच जावं लागतं असं काही नाही. घरच्या टिनाच्या शेडमध्येही हे काम नीट होतं. मात्र हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पॉलिशिंगचं मशीन ओरखडा भरत नाही, ते आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतं. म्हणजे दर वेळी थोडा थर कायमचा जातो. म्हणून जितकं कमी घासून भागेल तितकंच घासायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

ओरखडे नेमके कुठे असतात

पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. गावाकडचे पेंटर त्याला लॅकर म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉन जाड धरतात, म्हणजे आपण केसापेक्षा पातळ थरावर काम करत असतो. कंपाउंडच्या, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशच्या, एका पूर्ण फेरीत साधारण १ ते ३ मायक्रॉन जातात, मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने त्याहून कमी. खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारे घटक याच क्लिअरमध्ये असतात. आपल्याकडच्या उन्हात ज्या गाड्यांचा हा थर संपतो, त्यांच्या टपावर आधी पांढरट चट्टे आणि मग पापुद्रे दिसायला लागतात. तिथे पॉलिशचा काही उपयोग नसतो, ते पुन्हा रंगवण्याचं काम आहे.

गडद रंगावर हे ओरखडे जास्त दिसतात, कारण ओरखड्याची कड प्रकाश फेकते आणि काळ्या पाठीवर ती पांढरी दिसते. पांढऱ्या गाडीवरही तितकेच ओरखडे असतात, नजरेत भरत नाहीत इतकंच. आणखी एक गंमत म्हणजे या रेघा बहुतेक वेळा गोल नसतातच. त्या सगळ्या दिशांना पडलेल्या असतात आणि त्यातल्या दिव्याभोवती बरोबर आडव्या येणाऱ्याच तेवढ्या चमकतात. म्हणून टॉर्च सरकवली की जाळंही तिच्यासोबत सरकतं. तपासताना टॉर्च एका जागी न धरता चारही बाजूंनी फिरवायची ती यासाठीच.

आधी फडकं बंद करा

ऑक्टोबरात सोयाबीनचं मळणीयंत्र सुरू झालं की कुटाराची बारीक धूळ अख्ख्या गावावर बसते. वणी, घुग्घुस, चंद्रपूरकडे कोळशाची आणि सिमेंटची धूळ बाराही महिने असते. वावरात जाणाऱ्या पांदणीची माती आणि रस्त्याचा मुरूम तर सगळीकडेच. या धुळीत वाळूचे कण असतात. वाळूतलं क्वार्ट्झ मोहसच्या मोजपट्टीवर ७ इतकं कठीण आहे, म्हणजे काचेपेक्षाही कठीण. सकाळी बाहेर निघताना आपण कोरडं फडकं किंवा गळ्यातला दुपट्टा बॉनेटवरून सर्रकन फिरवतो, तेव्हा हेच कण क्लिअरवर रगडले जातात. जाळी बहुतांश अशीच तयार होते. वॉशिंग सेंटरवर दिवसभर एकाच बादलीत बुडवलेला स्पंज उरलेलं काम करतो.

घरातली ही सवय बदलणार नसेल तर मशीन घेऊ नका, असं मी मनापासून सांगतो. दोन महिन्यांत जाळी परत येईल, तुम्ही परत घासाल, आणि तीन-चार वेळांत क्लिअर धोक्याच्या पातळीला येईल.

मशीन, पॅड आणि बाकी सामान

नवख्याने ड्युअल अ‍ॅक्शन म्हणजे डीए पॉलिशरच घ्यावं. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी लहानशा वर्तुळात डोलतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. जास्त दाबलं तर पॅडचं फिरणं थांबतं, ही त्यातली मोठीच सुरक्षा आहे. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे रबिंगसाठी जे मशीन दिसतं ते बहुधा रोटरी असतं. ते जाणत्या हातात भराभर काम करतं, पण नवख्याच्या हातात कडेचा रंग जाळतं आणि काळ्या गाडीवर फिरत्या रेघांचे होलोग्रॅम सोडून जातं. वेल्डिंगच्या दुकानातला अँगल ग्राइंडर पॅड लावून वापरायचा विचार तर करूच नका. छोटा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, पॉलिशिंगच्या रोटरीला ३,००० च्या आतच काम असतं.

डीएमध्ये ५ इंची बॅकिंग प्लेट आणि ८ ते १५ मिलिमीटर थ्रो असलेलं मशीन सुरुवातीला सोपं जातं. थ्रो म्हणजे पॅड किती मोठ्या वर्तुळात डोलतं ते माप. १५ चं मशीन सपाट बॉनेटवर छान चालतं, ८ चं वळणदार भागावर जास्त ताब्यात राहतं.

फोमचे पॅड तीन प्रकारचे येतात: कटिंग (कडक), पॉलिशिंग (मध्यम) आणि फिनिशिंग (मऊ). रंगावरून अंदाज बांधू नका, एका कंपनीचा नारिंगी पॅड कडक असतो तर दुसरीचा मऊ. पाकिटावर वाचूनच घ्या. प्रत्येक प्रकारचे निदान दोन, आणि पॉलिशिंगचे तीन-चार असलेले बरे, कारण भरलेला पॅड नीट कापत नाही. सोबत एक मध्यम कंपाउंड आणि एक फिनिशिंग पॉलिश. मेन्झर्ना, कोच केमी, मेग्वायर्स, थ्रीएम यांपैकी कुठल्याही एकाच कंपनीची जोडी घ्या, म्हणजे एकाच्या मागे दुसरं कुठलं वापरायचं हा घोळ होत नाही. पेंटच्या दुकानातली डब्यातली जाड रबिंग पेस्ट काळ्या गाडीपासून लांब ठेवा.

याशिवाय दहा-बारा चांगले मायक्रोफायबर कपडे (शिवलेलं लेबल आधी कापून टाका), क्ले बार (रंगात रुतलेली घाण उचलणारी मातीसारखी मऊ वडी), मास्किंग टेप, पॅड साफ करायचा मऊ ब्रश, चांगली एलईडी टॉर्च, फवारणीची बाटली आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क लावा, पॉलिशची वाळलेली पूड श्वासात जाणं चांगलं नाही. काम करताना गळ्यात दुपट्टा नको, सैल बाही नको. मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागे टाका.

विजेचं गावाकडे वेगळं बघावं लागतं. अशी मशीनं साधारण ७०० ते ९०० वॉटची असतात. घरापासून शेडपर्यंत लांब आणि पातळ वायर ओढली की व्होल्टेज पडतं, मशीन गुरगुरतं आणि मोटर तापते. वायर जाड घ्या, अर्थिंग असलेला तीन पिनांचाच सॉकेट वापरा. घरच्या लहान इन्व्हर्टरवर मशीन चालवू नका. लोडशेडिंगची वेळ बघूनच कामाला बसा. लाइन गेली तर पॅनेलवर उरलेलं पॉलिश वाळायच्या आत पुसून घ्या.

वेळ आणि जागा

मे महिन्यात अकोला, वर्धा, ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा शेडमधलाही पत्रा इतका तापलेला असतो की पॉलिश पसरवताच वाळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ या कामाला उत्तम. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे सुरू करून नऊच्या आत आटपा. पॅनेलवर तळहात ठेवून बघा, तो निवांत टेकवता आला पाहिजे.

जमीन मातीची असेल तर आधी सडा टाका आणि धूळ बसू द्या. शेजारी कोठा झाडणं किंवा कुटार भरणं चालू असेल तर त्या दिवशी काम करू नका. पॅडखाली आलेला एक वाळूचा कण तासाभराची मेहनत वाया घालवतो. कडुनिंबाखाली तर नकोच, वरून काहीबाही पडतच राहतं.

धुणं आणि क्ले

आधी नुसत्या पाण्याने, दाब असेल तर दाबाने, सगळी माती वाहून जाऊ द्या. मगच शॅम्पू. दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पूचं पाणी आणि दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक पॅनेलनंतर साध्या पाण्यात पिळायचा आणि मगच शॅम्पूत बुडवायचा. टपापासून खाली या. चाकं आणि खालची पट्टी शेवटी, वेगळ्या कपड्याने.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या बऱ्याच गावांत, बोअरचं पाणी क्षारांचं आहे. ते गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके बसतात आणि उन्हात ते क्लिअरला खातात. तिथे शेवटची धार शक्यतो साठवलेल्या पावसाच्या किंवा गोड्या पाण्याची मारा आणि लगेच टिपून घ्या. घासून नाही, टिपून.

आता हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर रंगात लोखंडाचे कण, डांबराचे थेंब, सिमेंटची बारीक पूड रुतलेली आहे. डांबर टार रिमूव्हरने काढा, नखाने किंवा ब्लेडने नाही. बाकीचं क्लेने. क्ले सपाट करून शॅम्पूच्या पाण्याने पॅनेल भरपूर ओलं ठेवा आणि हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवा. खरखर थांबली की बस. क्ले वारंवार मळून स्वच्छ बाजू वर आणा, आणि तो जमिनीवर पडला तर फेकूनच द्या. क्लेनेही काळ्या गाडीवर बारीक रेघा येतात. त्या पुढे पॉलिशमध्ये निघतात, घाबरू नका.

मशीन लावण्याआधी गाडी वाचा

टॉर्च घेऊन सगळी गाडी बघा. ज्या ओरखड्यात नख अडकतं तो मशीनने काढायचा नाही. पांदणीतून जाताना बाभळीच्या फांद्या दारांवर ज्या लांब रेघा ओढतात, त्यातल्या पुष्कळ अशाच असतात. त्यांच्या कडा पॉलिशने मऊ होतात आणि रेघ कमी दिसते, तेवढ्यावर समाधान माना. ती पूर्ण घालवण्याच्या नादात क्लिअर फुटतो.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर कुठला पॅनेल पुन्हा रंगवलेला आहे ते शोधा. रबराच्या पट्ट्यांच्या कडेला रंगाचा तुषार, दरवाजाच्या फटीत वेगळी छटा, संत्र्याच्या सालीसारखा पोत, या खुणा असतात. पेंटची जाडी मोजणारं मीटर कुणाकडे मिळालं तर फारच छान. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास येते, काही गाड्यांची त्याहून कमीही. दोनशेच्या बरंच वर गेली तर पुन्हा रंगकाम झालंय, आणि कित्येक शे दाखवलं तर खाली पुट्टी आहे. नुकताच रंगवलेला पॅनेल पेंटरला विचारल्याशिवाय छेडू नका.

पॅडवर गाडीचाच रंग यायला लागला तर ताबडतोब थांबा. एक तर त्या रंगावर मुळात क्लिअरच नाही, किंवा होता तो संपला.

कडा, उंच रेषा, बिल्ल्याभोवती, काळं प्लास्टिक आणि रबर, सगळीकडे टेप लावा. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच एकवटतो.

चाचणीचा चौकोन

नवखे लोक हीच पायरी गाळतात, आणि सगळ्यात मोलाची हीच आहे. बॉनेटच्या एका बाजूला टेपने दीड फुटाचा चौकोन आखा. सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात करा: फिनिशिंग पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. एक फेरी पूर्ण करा, पुसा, टॉर्च लावा. जाळी सत्तर-ऐंशी टक्के गेली असेल तर तुमचं काम झालं, अख्खी गाडी याच जोडीने करा. फारसा फरक नसेल तर तेच पॉलिश पॉलिशिंग पॅडवर. तरीही नाही, तर पॉलिशिंग पॅडवर कंपाउंड. कटिंग पॅड अगदी शेवटी.

काही गाड्यांचा क्लिअर मऊ असतो, काहींचा भलताच कडक. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक पडतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर जे चाललं ते तुमच्या गाडीवर चालेलच असं नाही. चौकोनातच उत्तर सापडतं.

रोज पांदणीतून जाणाऱ्या गाडीला शंभर टक्के निर्दोष करायच्या भरीस पडू नये, असं माझं ठाम मत आहे. ऐंशी टक्क्यांवर थांबलात तर पुढच्या दहा वर्षांसाठी क्लिअर शिल्लक राहतो, आणि चार पावलांवरून बघणाऱ्याला गाडी नवीच दिसते.

प्रत्यक्ष फेरी

बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. नुसती थरथरत असेल तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरका आहे.

नव्या पॅडवर पहिल्यांदा पॉलिश बोटाने सगळीकडे पातळ चोळा. नंतर दर चौकोनाला तुरीच्या दाण्याएवढे चार थेंब पुरतात. पॅड पॅनेलवर टेकवूनच मशीन सुरू करा, नाहीतर पॉलिशचे शिंतोडे भिंतीपर्यंत उडतात. आधी सगळ्यात कमी वेगावर दीड फुटाच्या चौकोनात पसरवा. मग मशीनवरच्या आकड्यांच्या बटणावर वेग ४ ते ५. हात मात्र सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर. एक ओळ आडवी, पुढची ओळ आधीच्या अर्ध्यावर चढलेली. आडवं पूर्ण झालं की तेच उभं. असं मिळून चार ते सहा वेळा.

दाब म्हणजे मशीनचं वजन आणि वर तळहाताचा थोडा भार, तोही पॅड सपाट राहील इतकाच. शेवटच्या दोन वेळा भार काढून घ्या आणि मशीनला स्वतःच्या वजनावर चालू द्या. काळ्या रंगावर शेवटची झळाळी या दोन हलक्या फेऱ्यांत येते. शेडभोवती जमलेली मंडळी "भाऊ, दाब ना जरा जोरात" म्हणतील. तिकडे लक्ष देऊ नका, दाबल्याने डीए कापत नाही, नुसतं तापतं.

चांगल्या फेरीत पॉलिशचा थर पांढऱ्या सायीपासून पातळ, अर्धपारदर्शक तेलकट होत जातो. तो पूड होऊन उडायला लागला तर पॅनेल गरम आहे किंवा पॉलिश कमी पडलंय. मशीन बंद करा, पॅड थांबू द्या, मगच उचला. स्वच्छ मायक्रोफायबरने हलकं पुसा, आणि पॅनेलला हात लावा. कोमट चालेल, चटका नको.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा, आणि एक-दोन पॅनेलनंतर पॅड बदला. भरलेल्या पॅडमध्ये जुनं पॉलिश आणि निघालेला क्लिअर यांचा गठ्ठा होतो आणि तोच नव्या रेघा पाडतो. पॅड बदलताना प्लग काढा.

प्लास्टिकचा बंपर धातूसारखी उष्णता वाहून नेत नाही, तो पटकन तापतो. तिथे वेग एकाने कमी आणि फेऱ्याही कमी. दरवाजाच्या हँडलखाली नखांचे ओरखडे असतात, ते मशीन पोचत नसेल तर बोटाला कापड गुंडाळून हातानेच करा.

खरं काय उरलं ते बघा

बऱ्याच पॉलिशमध्ये तेल असतं आणि ते ओरखड्यात बसून त्यांना झाकतं. पहिल्या धुण्यात तेल गेलं की जाळी परत दिसते आणि माणूस हिरमुसतो. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि साधारण चार भाग स्वच्छ पाणी असं मिश्रण कपड्यावर फवारून पॅनेल पुसा आणि मग टॉर्च लावा. अल्कोहोल नुसतं, पाण्याशिवाय वापरू नका.

कंपाउंड वापरलं असेल तर काळ्या रंगावर धुरकटपणा किंवा केसासारख्या अगदी बारीक रेघा उरतातच. त्यासाठी फिनिशिंग पॅड आणि फिनिशिंग पॉलिशची एक फेरी वेगळी द्यावी लागते. पांढऱ्या गाडीवर ही पायरी सोडली तर चालून जातं, काळ्यावर नाही.

वरून कवच, आणि पुढचं धुणं

पॉलिश झालेला क्लिअर उघडा ठेवू नका. हाताने लावायचं सिंथेटिक सीलंट, म्हणजे क्लिअरवर बसणारा संरक्षक थर, आपल्या हवेला बरं पडतं. नैसर्गिक मेणाची झळाळी गोड असते, पण भर उन्हाळ्यात ते फार टिकत नाही. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, मात्र ते चुकलं तर पुन्हा पॉलिश करूनच काढावं लागतं. पहिल्या खेपेला सीलंटवर भागवा. पातळ लावा, पाकिटावर सांगितलेला वेळ थांबा, पुसा.

यापुढे धूळ बसली तर बसू द्या. बाहेर निघायचंच असेल तर काचेपुरतं पाणी मारा. आठवड्यातून एकदा दोन बादल्यांचं धुणं पुरे. पक्ष्याची विष्ठा मात्र रविवारपर्यंत ठेवायची नाही. ओला कपडा पाच मिनिटं तिच्यावर ठेवून ती मऊ करा आणि उचलून घ्या. ड्रायव्हर किंवा घरातली मुलं गाडी पुसत असतील तर त्यांनाही हे एकदा समोर करून दाखवा, नुसतं सांगून हात बदलत नाही.

पॅड त्याच दिवशी कोमट पाण्यात थोड्या शॅम्पूने हाताने दाबून धुवा, पिळून मोडू नका. सावलीत, फोमची बाजू खाली करून वाळवा, म्हणजे पाणी मागच्या चिकटपट्टीत उतरत नाही. कोरडे झाले की झिपच्या पिशवीत घाला आणि पिशवीवर लिहून ठेवा कुठला पॅड कंपाउंडचा आणि कुठला फिनिशिंगचा.